पोटाचं अस्तर, जीवनसत्त्वं आणि प्रोबायोटिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला आमचं औषधाचं दुकान आहे, राजवाड्यापासून फार लांब नाही. निम्मी गिऱ्हाइकं मराठी घरांतली, तीन-चार पिढ्या इथेच रुळलेली. चिठ्ठी पुढे करता करता ती जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत, विचारतात तशाच शब्दांत. मी फार्मसी शिकले आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांकडूनच. पण काउंटरवर गर्दी असताना जे नीट सांगता येत नाही, ते इथे सावकाश सांगते.

ताई, पोटाचं अस्तर म्हणतात ते नेमकं काय असतं?

जठर म्हणजे स्नायूंची पिशवी. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एक नाजूक थर असतो आणि त्यावर बुळबुळीत श्लेष्म्याचा लेप. भेंडी चिरल्यावर हाताला जो चिकटपणा लागतो, साधारण तसा. या लेपात बायकार्बोनेट मिसळलेलं असतं. ते आम्लाला पेशींपर्यंत पोचण्याआधीच सौम्य करतं. बाहेर इतकं तीव्र आम्ल की अन्नातले बहुतेक जंतू मरतात, आणि लेपाखाली पेशी सुखरूप. शिवाय वरच्या पेशी दर काही दिवसांनी झडतात आणि खालून नव्या येतात. म्हणजे शरीर हे अस्तर सतत नव्याने विणत असतं. ही विणकाम करायची ताकद जबरदस्त आहे, फक्त कोणी रोज ते उसवत बसता कामा नये.

मग ते बिघडतं कशाने? तिखटाने?

सर्वांत मोठी दोन कारणं तिखटाशी संबंधित नाहीत. पहिलं कारण म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू, त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे. दुसरं म्हणजे दुखण्याच्या गोळ्या: आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन, नॅप्रोक्सेन. दारू आणि तंबाखू त्यात भर घालतात.

दुखण्याची गोळी पोटात नुसती टोचते असं नाही. श्लेष्मा तयार करायचा आणि अस्तराला रक्तपुरवठा चालू ठेवायचा हुकूम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं देतात. तीच द्रव्यं सांध्यात सूज आणि वेदनाही आणतात. गोळी दोन्हीकडे त्यांचं उत्पादन थांबवते. हे १९७१ साली जॉन व्हेन यांनी दाखवून दिलं आणि १९८२ साली त्यांना नोबेल मिळालं. म्हणून हीच औषधं इंजेक्शनने घेतली किंवा जेवणानंतर घेतली तरी जठराचा धोका पूर्ण टळत नाही. रक्तात गेली की ती अस्तरापर्यंत पोचतातच. पॅरासिटामॉल या गटातलं नाही, जठराला ते खूपच सौम्य आहे. त्याचा धोका यकृताला, आणि तोही मात्रा ओलांडली तर.

हे मी इतक्या तळमळीने का सांगते, तेही सांगून टाकते. माझे वडील गुडघ्यासाठी दुखण्याची गोळी घ्यायचे. त्यांना थकवा वाटू लागला तेव्हा मी, त्यांच्याच मुलीने, याच दुकानातून त्यांना बी कॉम्प्लेक्स दिलं आणि प्रोबायोटिकची कॅप्सूल दिली. तीन आठवडे ते इमानाने घेत राहिले. एका सकाळी ते बाथरूममधून बाहेर आले, भिंतीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "डांबरासारखं काळं झालं गं." जठरातून रक्त जात होतं, हिमोग्लोबिन ७ वर आलं होतं. सदऱ्याच्या खिशात गोळ्यांची पट्टी सापडली, दहातली एक शिल्लक. ते मला न सांगता दिवसातून दोन घेत होते आणि मी कधी विचारलं नव्हतं. आता कुणीही अशक्तपणासाठी टॉनिक मागितलं की मी आधी विचारते: दुखण्याची कोणती गोळी चालू आहे?

पण पोहे-जलेबी, सेव, सराफ्यातलं खाणं?

मिरचीने जळजळ होते, अल्सर म्हणजे अस्तरावरची जखम होत नाही. ज्यांचं अस्तर आधीच सुजलेलं आहे त्यांना जीरावन हा इथला तिखट मसाला घातलेले पोहे लागतात, ते खरं. अशांनी बरं होईपर्यंत सांभाळावं. सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, मात्र तिखटापेक्षा वेळ नडते. रात्री अकराला गराडू (तळलेला कंद), भुट्ट्याचं कीस आणि वर रबडी खाऊन बारा वाजता आडवं झालं की पोटातलं आम्ल अन्ननलिकेत चढणारच. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास राहू द्या.

व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतल्या की अस्तर भरून येतं का?

शरीरात त्या जीवनसत्त्वाची कमतरता असेल तर फरक पडतो. नसेल तर जास्तीचं घेतल्याने अस्तर जास्त जाड किंवा मजबूत होत नाही. नव्या पेशी घडायला अ जीवनसत्त्व, फोलेट, बी१२, झिंक आणि प्रथिनं लागतात. जखम भरताना जो धागा तयार होतो, त्या कोलॅजेनला क जीवनसत्त्व लागतं. हे सगळं गाजर, पपई, शेवग्याची पानं, पालक, पेरू, आवळा, डाळी, तीळ, शेंगदाणे, दूध यांतून मिळतं. ज्यांचं खाणं महिनोन् महिने चहा-बिस्किटांवर आलं आहे, अशा एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांना गोळीचा उपयोग होतो. मला त्यांचीच सर्वांत जास्त काळजी वाटते, कारण ती माणसं "मला काही लागत नाही" म्हणतात आणि खरोखरच काही खात नाहीत.

क जीवनसत्त्वाचं एक वैशिष्ट्य आहे. जठर ते रक्तातून ओढून आपल्या रसात सोडतं. तिथे ते नायट्राइटपासून कर्करोगकारक नायट्रोसॅमाइन तयार व्हायला अडथळा आणतं. पायलोरीची लागण झाली की जठररसातलं हे प्रमाण घटतं, आणि जंतू गेला की पुन्हा सुधारतं. याचा अर्थ क जीवनसत्त्व खाऊन जंतू जातो असा मात्र नाही.

कोबीच्या रसाबद्दल पुष्कळजण विचारतात. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. गार्नेट चेनी यांनी कोबीच्या ताज्या रसाने अल्सर लवकर भरतो असं लिहिलं, आणि त्यातल्या द्रव्याला 'व्हिटॅमिन यू' नाव पडलं. ते खरं जीवनसत्त्व नाही आणि प्रयोगही थोड्याच रुग्णांवर झाला होता. कोबी खुशाल खा, पण त्याच्या भरवशावर अल्सरचं औषध सोडू नका.

माझं बी१२ सारखं कमी का होतं? दरवर्षी इंजेक्शनं घेतो, पुन्हा तेच.

या प्रश्नासाठीच खरं तर हे पान लिहायला घेतलं. आपण विचारतो जीवनसत्त्वाचा अस्तरावर काय परिणाम होतो. बी१२च्या बाबतीत गोष्ट उलटीही आहे: अस्तर बिघडलं की बी१२ आत शिरतच नाही.

दुधा-दह्यातलं बी१२ प्रथिनाला घट्ट चिकटलेलं असतं. जठरातलं आम्ल आणि पेप्सिन ते सुटं करतात. मग अस्तरातल्या ज्या पेशी आम्ल बनवतात, त्याच पेशी 'इन्ट्रिन्सिक फॅक्टर' नावाचं एक प्रथिन सोडतात. ते बी१२चा हात धरून त्याला थेट लहान आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेतं, आणि तिथेच ते शोषलं जातं. हा सोबती नसेल तर बी१२ खाल्लेलं बहुतेक वाया.

हा सोबती सापडला त्याची हकीकत विलक्षण आहे. बोस्टनचे डॉ. विल्यम कॅसल १९२०च्या दशकाच्या अखेरीस स्वतः मांस खायचे, काही वेळाने ते पोटातून परत बाहेर काढायचे आणि नळीने पंडुरोगाच्या रुग्णांना द्यायचे. नुसतं मांस खाऊन जे रुग्ण सुधारत नव्हते, ते यानंतर सुधारू लागले. म्हणजे निरोगी जठरात असं काहीतरी होतं जे रुग्णांच्या जठरात नव्हतं.

तर सारखं कमी होण्याची कारणं अशी असू शकतात. एक, शुद्ध शाकाहार आणि त्यात दूधही बेताचंच. बी१२ धान्य-भाज्यांत नसतं आणि रोजची गरज सुमारे २ मायक्रोग्रॅम असते. एक पेला दुधातून त्यातलं निम्म्याच्या आसपास मिळतं. कपभर चहातल्या चार चमचे दुधाने ती भागत नाही. दोन, वर्षानुवर्षं आम्ल कमी करणारी गोळी. तीन, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन. चार, पायलोरीमुळे किंवा वयामुळे अस्तर पातळ होणं. पाच, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच आम्ल बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करणं, ज्याला पर्निशियस अ‍ॅनिमिया म्हणतात. शेवटच्या दोहोंत दुखतंच असं नाही. माणूस म्हणतो पोट एकदम छान आहे, आणि पायांना मुंग्या येत असतात, जीभ गुळगुळीत लाल झालेली असते.

म्हणून दरवर्षी इंजेक्शनं लागत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: कमी का होतंय? कारण शोधायला तपासण्या आहेत.

गोळी की इंजेक्शन, हेही विचारतात. १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतलं सुमारे १ टक्का बी१२ सोबत्याशिवायही शोषलं जातं, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. ते रोजच्या गरजेला पुरतं. त्यामुळे अनेकांना मोठ्या मात्रेची गोळी चालते. मुंग्या, तोल जाणं, विसराळूपणा अशी मज्जातंतूंची लक्षणं असतील तर मात्र डॉक्टर इंजेक्शनच देतात, आणि वेळ घालवू नये. आणखी एक: बी१२ न तपासता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहू नका. रक्त सुधारलेलं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

'गॅसची गोळी' दहा वर्षं रोज घेते. बंद करू का?

गॅसची गोळी म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल. आम्ल कमी करणारी ही उत्तम औषधं आहेत. अल्सर भरायला ती फार उपयोगी पडतात. ज्यांना हृदयासाठी कायम अ‍ॅस्पिरिन घ्यावी लागते त्यांच्यापैकी कित्येकांना ती संरक्षण म्हणून मुद्दाम दिलेली असते. त्यांनी स्वतःहून बंद करणं धोक्याचं आहे. पण कुठल्याशा जुन्या चिठ्ठीवर पंधरा दिवसांसाठी लिहिलेली गोळी दहा वर्षं चालली असेल, तर डॉक्टरांना एकदा विचारायलाच हवं. बी१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. एकदम थांबवली की काही आठवडे आम्ल उसळतं आणि "बघा, गोळीशिवाय जमत नाही" असं वाटतं. हळूहळू कमी केली तर ते सोसतं. आणि ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची असते, जेवणानंतर जळजळ सुरू झाल्यावर नाही.

व्हिटॅमिनच्या गोळीनेच पोटात मळमळतं, असं होतं का?

होतं. लोहाची गोळी अस्तराला चिकटून राहिली तर तिथे जखमही होऊ शकते, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि लगेच आडवे होऊ नका. उपाशीपोटी लोह जास्त शोषलं जातं हे खरं, पण मळमळत असेल तर थोडं खाऊन घेतलेलं बरं. पोटात न गेलेल्या गोळीपेक्षा अर्धी शोषलेली गोळी चांगली. फक्त चहाबरोबर नको.

क जीवनसत्त्व स्वतः आम्लच आहे. करोनापासून घरोघरी ५०० मिलिग्रॅमच्या चघळायच्या गोळ्या आल्या त्या आजही उपाशीपोटी चघळल्या जातात. जेवणानंतर घ्या, आणि खरं तर एक पेरू पुरेसा आहे. बी कॉम्प्लेक्सने लघवी पिवळीधमक होते ती रायबोफ्लेविनमुळे, घाबरू नका.

घरचं दही खातो. ते प्रोबायोटिकच ना?

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी जी व्याख्या ठरवली तिचा अर्थ असा: जिवंत सूक्ष्मजीव, जे पुरेशा प्रमाणात दिले तर घेणाऱ्याच्या आरोग्याला फायदा होतो. घरच्या दह्यात जिवंत जंतू नक्की असतात. पण कोणते आणि किती, हे घरागणिक आणि ऋतूगणिक बदलतं.

विरजण लावणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. करंगळी बुडवून दूध कोमट आहे ना बघायचं, चमचाभर विरजण वाटीच्या कडेने फिरवायचं. मे महिन्यात इंदूरला तीन-चार तासांत दही लागतं आणि संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होतं. डिसेंबरात तेच भांडं शालीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलं तरी सकाळी सैल. वासावरून आईला कळायचं की विरजण "दमलंय", मग शेजारून नवं आणायचं. म्हणजे जंतूंचा समाजच बदलायचा. म्हणून शास्त्रज्ञ घरच्या दह्याला काटेकोरपणे प्रोबायोटिक म्हणणार नाहीत. माझं मत विचाराल तर रोजची वाटीभर ताजं दही किंवा पेलाभर ताक कुठल्याही महागड्या बाटलीपेक्षा मला जास्त पटतं: प्रथिनं, कॅल्शियम, थोडं बी१२, आणि जंतू वर. जळजळ होत असेल तर फार आंबट नको.

हे जंतू जठरात घर करून राहत नाहीत. आम्लातून काही वाचतात, आतड्यात थोडे दिवस थांबतात आणि पुढे निघून जातात. त्यांची बरीचशी कामगिरी आतड्यातली आहे. 'दह्याने पोटाला लेप बसतो' हे खरं नाही, थंड वाटतं इतकंच.

मग दुकानातली प्रोबायोटिक कॅप्सूल कोणती घेऊ?

आधी कशासाठी हवी ते ठरवा. जंतूचं नुसतं नाव पुरत नाही, त्याचा वाण महत्त्वाचा. इंदुरात देशपांडे आडनावाची कितीतरी घरं असतील, त्यातल्या एका घरी गाणं आहे म्हणून सगळे गातील असं नाही. तसंच लॅक्टोबॅसिलसचं. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या वाणाचा बराच अभ्यास झाला आहे. त्यातलं जीजी म्हणजे तो शोधणारे गॉर्बाक आणि गोल्डिन. सॅकरोमायसिस बोलार्डी हे तर यीस्ट आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ आंरी बुलार यांना ते १९२०च्या दशकात इंडोचायनात लिची आणि मँगोस्टीनच्या सालीवर सापडलं. ही दोन मुख्यतः अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबांसाठी उपयोगी पडतात.

वेष्टनावर वाणाचं पूर्ण नाव, मुदत संपेपर्यंत किती कोटी जंतू जिवंत राहतील तो आकडा आणि साठवणीचं तापमान बघा. फ्रिजमध्ये ठेवायची कॅप्सूल उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत दोन तास राहिली तर तुम्ही मेलेले जंतू गिळता. आमच्याकडे तरी मी अशी औषधं फ्रिजमधून काढूनच देते.

पायलोरी निघाला आहे. प्रोबायोटिकने जाईल का?

एकट्याने जात नाही.

हा जंतू युरियापासून अमोनिया बनवतो, स्वतःभोवतीचं आम्ल मारतो आणि श्लेष्म्याच्या लेपात शिरून बसतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थचे रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवला. तोपर्यंत अल्सर म्हणजे ताण आणि तिखट, असंच शिकवलं जायचं. कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचं द्रावण स्वतः पिऊन टाकलं आणि काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. १९९४ मध्येच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं होतं.

आपल्या देशात तो खूप लोकांच्या पोटात असतो, बहुधा लहानपणी घरातूनच आलेला, आणि बहुतेकांना कधीच त्रास देत नाही. पण उपचार सुरू झाले तर आम्लरोधक आणि दोन-तीन अँटिबायोटिक, बहुतेकदा १४ दिवस, एकही मात्रा न चुकवता पूर्ण करायचे. पाचव्या दिवशी तोंड कडू होतं, जुलाब होतात आणि लोक सोडून देतात. तिथे प्रोबायोटिक कामाला येतं: काही वाणांनी हे त्रास कमी होतात आणि माणूस कोर्स पूर्ण करतो. जंतू गेला की नाही हे कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीने बघतात. त्याआधी दोन आठवडे गॅसची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जंतू असूनही 'नाही' असा रिपोर्ट येतो. ही गोष्ट डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

अँटिबायोटिक आणि प्रोबायोटिक एकत्र घ्यायचं का?

दोहोंत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. यीस्ट असेल तर अँटिबायोटिक त्याला मारत नाही, तिथे इतकं काटेकोर नको.

कढी, ढोकळा, इडली यांतही प्रोबायोटिक असतं?

आंबवताना असतं, उकळल्या-वाफवल्यावर मरतं. आंबवल्याने पचायला सोपं होतं तो फायदा उरतो. जिवंत जंतू हवे असतील तर दही, ताक, गाजराची कांजी.

संकष्टीला दिवसभर उपास आणि रात्री साबुदाणा खिचडी. अस्तराला त्रास होईल?

निरोगी माणसाला नाही. ज्यांचा अल्सर नुकताच भरतो आहे त्यांनी निर्जळी करू नये. दुपारी केळं, दूध, राजगिऱ्याची लाही, ताक घ्यावं. खरा त्रास देतो तो उपासाचा चहा, सकाळपासून पाच वेळा, आणि डोकं दुखलं म्हणून रिकाम्या पोटी घेतलेली गोळी. चंद्रोदयाची वाट बघताना डोकं दुखलंच तर पॅरासिटामॉल घ्या.

थंड दूध प्यायलं की बरं वाटतं. चालेल ना?

क्षणभर आम्ल सौम्य होतं. नंतर दुधातलं कॅल्शियम आणि प्रथिनं आम्ल वाढवतात. अन्न म्हणून प्या, औषध म्हणून नको.

प्रोबायोटिक कुणी घेऊ नये?

कर्करोगाची केमो चालू असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले, अतिदक्षता विभागातले, मोठ्या शिरेत नळी असलेले आणि अपुऱ्या दिवसांची बाळं. यांना हे जिवंत जंतू रक्तात शिरून संसर्ग करू शकतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कधीच देऊ नका.

काउंटरवर न येता सरळ डॉक्टरकडे कधी जायचं?

गिळताना अडकत असेल, कारणाशिवाय वजन घटत असेल, उलट्या थांबत नसतील, हिमोग्लोबिन कमी निघालं असेल, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अपचन सुरू झालं असेल तर लांबवू नका. दुर्बिणीच्या तपासणीला लोक फार घाबरतात. ती पाच-दहा मिनिटांची असते.

छातीत जळजळ आणि त्यासोबत घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर खाण्याचा सोडा पीत बसू नका, तो हृदयविकाराचा झटका असू शकतो.

रक्ताची उलटी किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, किंवा काळी, चिकट, विचित्र वासाची शौच झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी रुग्णालयात जा. लोहाच्या आणि बिस्मथच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. फरक ओळखता येत नसेल तर रक्त आहे असं धरून चला. आणि जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून न्या, खिशातली, पर्समधली, उशाखालची सुद्धा.